मामाची फ्रॉग, माझे १८,४०० आणि 'दादा टेन्शन नका घेऊ'

गाडी परत आली, बॅटरी चार्ज केली, सोसायटीच्या पार्किंगमधे सोडली आणि ती चक्क सुसाट पळाली. खरंतर तेव्हाच मला कळायला हवं होतं की आपण गंडलोय, कारण आमची फ्रॉग, म्हणजे माझी लहानपणीची रिमोटची गाडी, आयुष्यात कधी इतकी शहाण्यासारखी पळालीच नव्हती.

आधी थोडं मागचं सांगतो नाहीतर लिंक लागणार नाही. माझा मामा मस्कतला होता, १९८५ च्या दिवाळीत आला तेव्हा माझ्यासाठी टामिया या जपानी कंपनीची फ्रॉग घेऊन आला. ही रिमोटची गाडी म्हणजे दुकानातनं आणली सेल टाकले चालली असली नाही, किट असतं, एकेक स्क्रू आपण लावायचा. वाड्याच्या ओसरीवर मामा आणि मी तीन दिवस बसलो होतो. बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, रंग आतनं मारायचा असतो, पण मामाने पत्रक न वाचता बाहेरनं ब्रशने लाल ऑइलपेंट मारला, त्याचे ओघळ शेवटपर्यंत तसेच राहिले. आणि मी कर्कटकाने चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खाली '५ क' कोरलं, तेव्हा वह्यापुस्तकांवर तुकडी टाकायची सवय होती म्हणून. मामाने एक टपली दिलेली, ती अजून आठवते.

तर ही गाडी माळ्यावर गेली ती गेलीच. मागच्या वर्षी आईचं घर आवरताना बॉक्ससकट सापडली. बॉक्सवर नंबर ५८०४१, म्हणजे १९८३ चं मूळ मॉडेल. हा नंबर महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा, कारण कंपनीने २००५ मधे हीच फ्रॉग पुन्हा काढली आणि तिचा नंबर ५८३५४ आहे. लांबून बघितलं तर दोन्ही जुळ्या बहिणी.

रिमोटमधले पेन्सिल सेल फुटून स्प्रिंगांवर हिरवी पांढरी बुरशी चढलेली, निकेल कॅडमियमचा पॅक मेलेला, स्विच ऑन केला तर काहीच नाही. मला यातलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. व्हिडिओ बघताबघता एक जण सापडला, दुसऱ्या शहरातला, जुन्या आरसी म्हणजे रिमोटच्या गाड्या रिस्टोर करतो म्हणे. व्हिडिओ एकदम झकास, पाठीमागे हळू संगीत, गंजका स्क्रू काढतो, चकचकीत गाडी दाखवतो. फोन केला तर अगदी लाघवी, "दादा टेन्शन नका घेऊ, घरची गाडी समजून करतो." वाक्यावाक्याला दादा. आठ हजार ॲडव्हान्स दिला यूपीआयने आणि गाडी बॉक्समधे घालून, मधल्या जागेत आईकडचे जुने पेपर बोळे करून कोंबून कुरियर केली. गाडीचे फोटो किती काढले तर दोन, तेही माळ्यावरच्या अंधारात. हा माझा पहिला मूर्खपणा.

पाचव्या दिवशी त्याचा फोन. सगळं इलेक्ट्रॉनिक्स जळालंय. शिवाय रिमोटची जुनी फ्रिक्वेन्सी, २७ मेगाहर्ट्झ, आता बंद झालंय दादा, बेकायदेशीर आहे, २.४ गिगाहर्ट्झवरच जावं लागेल. मी म्हणलं बरं. आता कळतं की बंद वगैरे काही नाही, जत्रेतल्या स्वस्त रिमोट गाड्या आजही २७ वर चालतात. जुन्या सेटमधे क्रिस्टलची, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या छोट्या तुकड्यांची, जोडी असते, रिमोटमधे एक आणि रिसीव्हरमधे एक, रिसीव्हरचा ४५५ किलोहर्ट्झने कमी. पिवळ्या बँडवाल्याला रिमोटमधे २७.१४५ तर गाडीत २६.६९०. अदलाबदल झाली की सेट मुका होतो आणि लोक समजतात जळाला. माझ्या सेटचं काय झालं होतं ते आता कधीच कळणार नाही, कारण तो सेट मला परत मिळालाच नाही.

आणि जळण्यासारखं त्या गाडीत होतं तरी काय? जुन्या गाड्यांमधे स्पीड कंट्रोलर मेकॅनिकल असतो. एक सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर फिरणारी छोटी मोटर, नुसता कॉन्टॅक्ट फिरवते तांब्याच्या पट्ट्यांवर, पुढे तीन टप्पे, हळू जायचं असेल तेव्हा करंट रेझिस्टरमधनं जातो आणि तो रेझिस्टर तव्यासारखा तापतो, लहानपणी मी बोट भाजून घेतलेलं आहे. म्हणजे आपल्या जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरचाच भाऊ. तीस पस्तीस वर्षं पडून राहिला की पट्ट्या काळ्या पडतात, झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने मारला आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा दिला की बहुतेक वेळा जिवंत होतो. सेलची बुरशी व्हिनेगर लावलेल्या इअरबडने निघते. हे सगळं मी नंतर शिकलो, पैसे देऊन झाल्यावर.

बिल असं आलं: ईएससी (म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) ४,५००, नवीन रेडिओ ५,२००, मोटर रिबिल्ड १,८००, नॉइज फिल्टर किट १,२००, बॉडी आणि पेंट ३,२००, मजुरी २,५००. टोटल १८,४००. बॉडीला तडे होते म्हणून नवीन घातली म्हणाला. मला जरा चुटपुट लागली पण म्हणलं ओघळांचं काय एवढं.

तर गाडी पळाली. धाकटी खूश, मीपण खूश. मग रात्री झोपताना एकदम डोक्यात आलं, अरे ती कटकट कुठे गेली?

जुन्या फ्रॉगची एक खोड आहे. तिच्या ड्राइव्हशाफ्टची टोकं षटकोनी असतात, गिअरबॉक्समधनं जी ताकद चाकाला जाते ती या षटकोनातनं. वापरून वापरून तो झिजून गोल होतो आणि जोरात रेस दिली की आत घसरतो, मागचं चाक कटकटकट करतं आणि गाडी जागच्या जागी रुसून बसते. आमच्या गाडीचं डावं चाक सहा महिन्यांतच तसं करायला लागलं होतं, मामा फोनवर विचारायचा, "काय रे, कटकटी काय म्हणतेय?" आणि २००५ च्या नव्या फ्रॉगमधे कंपनीने नेमकी ही खोड काढली, तिथे डॉगबोन दिले, म्हणजे हाडासारखी दोन्ही टोकं फुगीर आणि त्यात आडवी पिन.

रात्री साडेअकराला उठून गाडी उलटी केली. डॉगबोन. आणि '५ क' नाही. चॅसिसच माझी नाही.

दुसऱ्या दिवशी एका मित्राच्या ओळखीच्या माणसाला दाखवली, तो हौसेने विमानं उडवतो. त्याने दहा मिनिटांत बिलाची पिसं काढली. मोटर म्हणजे ५४० साइजची साधी चंदेरी, तिचा डबा कंपनीतनंच कान वाकवून बंद केलेला असतो, ती उघडून ब्रश बदलायची सोयच नसते, आणि या मोटरचे कान तर कोणी हातही लावलेला नाही इतके जसेच्या तसे. म्हणजे रिबिल्ड कसली, फडक्याने पुसली असेल. नॉइज फिल्टर किट म्हणजे मोटरच्या डब्यावर डाग दिलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर, वर १०४ लिहिलेलं. पुण्यात तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे तीन मागितले तर दुकानदार सुट्ट्या पैशांसाठी कटकट करतो. ते लागतात हे खरं, ब्रशच्या ठिणग्यांमुळे जुना एएम रिसीव्हर झटके खातो म्हणून, पण १,२००?

ईएससीवरचं नाव घासून काढलेलं. त्याच्यावर दोन छोटे जंपर असतात, म्हणजे सेटिंग बदलायच्या काढघालीच्या टोप्या, एक बॅटरीचा प्रकार सांगायला. मी नवा टू सेल लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घेतला होता, त्या रिस्टोरवाल्यालाच विचारून, तो म्हणाला बिनधास्त लावा दादा. जंपर होता निकेलवर. म्हणजे सेल तीन व्होल्टच्या खाली गेले तरी गाडी आपली पळतेय, वेळेवर कटऑफ मारायला, म्हणजे करंट तोडायला, कोणी नाही. चौथ्याच दिवशी पॅक पुरीसारखा टम्म फुगला. नशीब त्या वेळी चार्जिंगला नव्हता. तो आता बाल्कनीत वाळूच्या कुंडीत ठेवलाय. तुम्ही कोणाकडनंही गाडी करून आणा, लायपो लावायच्या आधी तो जंपर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तिथे माणसावर भरवसा नको. आणि कोणी जुना रिसीव्हर ठेवून नुसता ईएससी नवा घालत असेल तर विचारा की रिसीव्हरला पॉवर कुठनं देतोयस, कारण ईएससी स्वतःच सप्लाय देतो, जुना चार सेलचा डबाही जोडलेला राहिला तर दोन्ही एकमेकांच्या उरावर बसतात.

रिस्टोरवाल्याला फोन केला. आधी "दादा ते अपग्रेड आहे, तुमचाच फायदा केला, लोक पैसे देऊन डॉगबोन घालतात." यातली मेख अशी की हे खोटं नाही. चालवायला डॉगबोनच चांगले. म्हणूनच हा धंदा चालतो, गिऱ्हाईक गाडी पळते का बघतं, आणि ती तर आधीपेक्षा छान पळते. कुठलीतरी वापरलेली नवी फ्रॉग पडली असणार त्याच्याकडे, ती पुसून माझ्या बॉक्समधे घालून पाठवली, आणि शौकिनाला हवी असते ती १९८३ ची षटकोनीवाली, ती स्वतःकडे. मी म्हणलं मग माझे जुने पार्ट पाठव. "स्क्रॅपमधे दिले दादा." चॅसिस? "तेपण." कटकटणाऱ्या गिअरबॉक्सपासून ओघळवाल्या बॉडीपर्यंत सगळं स्क्रॅप, आणि बॉक्स तेवढा इमानदारीने परत.

बघा, मी स्कूटरचे ब्रेक शू बदलले तरी गॅरेजवाल्याकडनं जुने मागून घेतो, बापाची शिकवण, डोळ्यांदेखत पिशवीत घालून घेतो आणि घरी येऊन टाकून देतो. इथे चाळीस वर्षांची गाडी दिली आणि एक शब्द काढला नाही. आता कोणाला काही रिपेअरला देतो तेव्हा आधी मेसेजवर लिहून घेतो, काढलेला प्रत्येक तुकडा परत पाहिजे, जळका असला तरी. आणि चॅसिसचं पोट, गिअरबॉक्सची दोन्ही तोंडं, बॉडीची आतली बाजू, असे उजेडातले फोटो, सोबत कुठेतरी एक बारीक खूण जी फक्त आपल्याला माहीत. भागावर साच्यात कोरलेलं साल बघून हुरळू नका, तेवढ्यावरनं मूळची की नवी ते ठरत नाही.

चौकीत गेलो होतो. साहेब सज्जन होते, चहा दिला, म्हणाले गाडीचं आरसी बुक आणलंय का? मी म्हणलं साहेब आरसी गाडी आहे, आरसी बुक नाही. मग पाच मिनिटं त्यांना तेच समजावत बसलो. शेवटी म्हणाले तुम्ही गाडी दिली, त्याने चालू करून दिली, फसवणूक कशात दाखवायची? खरंय, फोटोच नाहीत तर दाखवायचं काय.

मग श्रावणात कधीतरी रात्री सेकंडहँडच्या जाहिराती चाळताना दिसली. लाल बॉडी, ब्रशचे ओघळ, उजव्या बाजूला मामाच्या अंगठ्याचा ठसा रंगात उमटलेला. खाली लिहिलेलं, 'ओरिजिनल फ्रॉग बॉडी, गल्फची, सिंगल ओनर, अनटच्ड'. सिंगल ओनर हे मात्र शंभर टक्के खरं, तो ओनर मीच. किंमत ६,५००. नाव वेगळं, नंबर वेगळा. भांडलो असतो तर जाहिरात गायब झाली असती, म्हणून बायकोच्या नावाने घेतली, हो, स्वतःचीच बॉडी, पूर्ण पैसे देऊन. हसा खुशाल. पण उघडताना कुरियरच्या लेबलपासून शेवटपर्यंत व्हिडिओ केला.

खोक्यात बॉडीच्या पोटात पेपरचे बोळे भरलेले. आमचेच. त्यालाही फेकायचा कंटाळा आला असणार. एक बोळा उलगडला तर आईचं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, निळ्या पेनाने, काना जरा तिरका. तो पेपर आणि व्हिडिओ घेऊन परत चौकीत गेलोय, या वेळी अर्ज घेतलाय, बघू. गिअरबॉक्स आणि '५ क'वाली चॅसिस अजून कुठेतरी फिरतेय, कोणाला ऑफर आली तर पोट बघून घ्या आणि मला कळवा.

अर्जाला झेरॉक्स जोडायची म्हणून कोडं आईच्या टेबलावर सपाट करून ठेवलं होतं. संध्याकाळी बघतो तर तिने चष्मा लावून राहिलेले दोन शब्द भरून टाकलेले. म्हणलं अगं आई, पुरावा आहे तो. म्हणाली, "असू दे रे, चौदा आडवं तेव्हा सुचतच नव्हतं."