लिब्रेकॅड: प्लॉट आखायला चांगलं, पण लाल खुणेवर लक्ष ठेवा

कॉम्प्युटरवर आराखडे काढायचं हे सॉफ्टवेअर फुकट, फक्त द्विमितीय, आणि गोव्यात बार्देशातल्या प्लॉटची चिऱ्यांची कुंपणभिंत आखायला पुरेसं. एकक मीटर ठेवा. कमांड लाइनवर ‘12,8’ मूळ बिंदूपासून (0,0) मोजतं, ‘@12,8’ सापेक्ष शून्यापासून, म्हणजे एरवी शेवटी दिलेल्या बिंदूपासून. ‘@15<30’ म्हणजे तिथून 15 मीटर, 30 अंशांत.

खरी मेख या सापेक्ष शून्याची. त्याची लाल खूण प्रत्येक नव्या बिंदूबरोबर सरकते. एकाच कोपऱ्यापासून सगळे सेटबॅक (हद्दीपासून सोडायची अंतरं) धरायचे असतील तर स्नॅप टूलबारमधून ती कोपऱ्यावर बसवून लॉक करा. नाहीतर दुसरं माप भलतीकडूनच सुरू होतं.

सर्व्हेयरने दिलेली कोपऱ्यांच्या निर्देशांकांची यादी आणखी फसवी. गोवा यूटीएमच्या (जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणारी पद्धत) 43 उत्तर झोनमध्ये येतो: ईस्टिंग (पूर्वेकडचं माप, म्हणजे x) सहा आकडी, नॉर्दिंग (उत्तरेकडचं, म्हणजे y) सात आकडी. यादीत नॉर्दिंग आधी असेल आणि त्याच क्रमाने टाइप केलं, तर प्लॉट आरशात पाहिल्यासारखा उलटतो. बेअरिंग, म्हणजे सर्व्हेतला दिशाकोन, उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने मोजतात, लिब्रेकॅडमधले कोन पूर्वेकडून उलट दिशेने. म्हणून 60 अंशांच्या बेअरिंगला 30 टाका.

डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडचा फाइल प्रकार) सेव्ह होत नाही, डीएक्सएफवरच (कॅड प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीचा फाइल प्रकार) भागवावं लागतं. फुकटात एवढं चालायचंच.