गाणी विकायची, पण गल्ला कुणाच्या दुकानात?

अल्बम तयार आहे, मिक्सिंग-मास्टरिंग उरकलंय, कव्हर कुणा मित्राने फुकटात करून दिलंय. आता बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार जिथं आपली गाणी थेट श्रोत्यांना विकतात त्या परदेशी साइटवर, पान उघडायचं की स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेबसाइटवर, दुकान थाटायचं? गेल्या काही महिन्यांत तिघाचौघांनी मला हे विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. स्ट्रीमिंगचा विषय बाजूला ठेवतो. तिथं गाणी असावीतच, पण ती ओळख व्हावी म्हणून. तिथून आलेल्या पैशांत आमच्या संबळवाल्याचं पुणे-सांगली एसटीचं तिकीटही निघालेलं नाही.

आम्ही चौघं. संबळ, गिटार, पेटी आणि माझा आवाज. आधी दोन वर्षं फक्त बँडकॅम्पवर होतो, मग स्वतःचं दुकान काढलं, आता दोन्हीकडे आहोत. दोन्हीकडे असूनही माझा ओढा कुठं आहे ते पुढे कळेलच, लपवण्यात अर्थ नाही.

बँडकॅम्पचं मला खरंच कौतुक आहे. डब्ल्यूएव्ही, म्हणजे पूर्ण दर्जाची मोठी फाइल, एकदा चढवली की एमपीथ्री, फ्लॅक वगैरे बाकीचे सगळे फॉरमॅट ते स्वतः करून देतात. ऐकणाऱ्याला हवं तर ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्त देता येतं, आणि लोक देतात. पाच डॉलरच्या अल्बमला कुणी बारा डॉलर दिले, की दिवसभर तालमीत सगळे उगाच हसतमुख असतात. डिजिटल विक्रीवर त्यांचा वाटा १५ टक्के, टीशर्ट-सीडीसारख्या वस्तूंवर १० टक्के, आणि पेमेंटचा खर्च वेगळा. वर्षभरातली विक्री ५,००० डॉलरवर गेली की डिजिटलचा वाटाही १० टक्क्यांवर येतो म्हणे. आम्हाला त्या पायरीचं अजून दर्शन झालेलं नाही. हा वाटा आमच्या बाबतीत दर विक्रीतून कापला जात नव्हता. हिशेब साठत जायचा आणि मग एखादी अख्खी विक्रीच त्यांच्याकडे वळती व्हायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आमचा गिटारवाला रात्री अकराला फोनवर, "पैसे बुडाले!" बुडाले नव्हते, हिशेब नीट होता. फक्त ही पद्धत आधी माहीत असलेली बरी.

बँडकॅम्पचा खरा फायदा म्हणजे तिथं वाट चुकून येणारा माणूस. पोलंडमधल्या कुणीतरी आमचा अल्बम घेतला आणि खाली लिहिलं, 'तिसऱ्या गाण्यातलं ते दोन डोक्यांचं वाद्य कोणतं?' आम्ही संबळाचा फोटो पाठवला. स्वतःच्या दुकानात असा माणूस येत नाही. तिथं तुमचं नाव आधीच माहीत असलेलेच येतात. रेडिओहेड या प्रसिद्ध ब्रिटिश बँडने २००७ मध्ये नवा अल्बम स्वतःच्या साइटवर 'वाटेल ती किंमत द्या' म्हणून ठेवला, ते उदाहरण प्रत्येक चर्चेत निघतं. पण ते रेडिओहेड होते. आमची साइट उघडली त्या आठवड्यात भेट देणाऱ्यांत निम्मे तर आम्हीच चौघं होतो, पान नीट दिसतंय का ते बघायला.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहू द्या. २०२२ मध्ये बँडकॅम्प एपिक गेम्स या व्हिडिओ गेमवाल्या कंपनीने घेतलं, २०२३ मध्ये ते साँगट्रेडर या संगीत परवान्यांच्या कंपनीकडे गेलं आणि त्या बदलात जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. वापरणाऱ्याला फारसा फरक जाणवला नाही, मला तरी नाही. मार्च २०२० मध्ये करोनात कार्यक्रम बंद पडले तेव्हा त्यांनी 'बँडकॅम्प फ्रायडे' सुरू केला, म्हणजे काही ठरावीक शुक्रवार, त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते. तो नव्या मालकांनीही चालू ठेवला. तरी गाळा भाड्याचा आहे हे विसरू नये.

आता माझं मत फिरलं कशानं, ते सांगतो. टक्क्यांनी नाही.

सांगलीत एका छोट्या सभागृहात आमचा कार्यक्रम होता. संपल्यावर एक निवृत्त मास्तर आत आले. "काय रे, ही गाणी विकत कुठं मिळतात?" मी तिकिटाच्या मागच्या बाजूला आमच्या बँडकॅम्प पानाचा पत्ता लिहून दिला. चार दिवसांनी फोन. "अरे, ते डॉलर मागतंय." म्हटलं, काका, कार्डनं होईल. पुन्हा फोन. "कार्ड नको म्हणतंय." मग त्यांच्या भाच्यानं प्रयत्न केला, त्याचंही नाही. शेवटी काका वैतागून म्हणाले, "तुझा नंबर दे बाबा, मी यूपीआयनं टाकतो. रोज भाजी तशीच घेतो की मी!" आणि पाचशे रुपये आले. मी व्हॉट्सॲपवर झिप फाइल, म्हणजे सगळी गाणी एकत्र बांधलेलं गाठोडं, पाठवली. ती त्यांना उघडेना.

दोष कुणाचा म्हणाल, तर कुणाचाच नाही. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ग्राहकाने ते सुरू करून घ्यावे लागतात. ज्यांनी आयुष्यात परदेशी काही घेतलं नाही ते कशाला सुरू करतील? आणि बँडकॅम्पचे पैसे ज्या पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेतून आमच्याकडे येतात, तिने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सेवा थांबवली. परदेशातून येणारे पैसे तेवढे चालू राहिले. म्हणजे न्यू जर्सीतला मराठी माणूस आमचा अल्बम दोन मिनिटांत घेतो आणि सांगलीतल्या माणसाला चार दिवस लागतात. आम्ही गातो मराठीत, वाजवतो संबळ, आणि घरचाच श्रोता दाराबाहेर उभा! त्या महिन्यात मी यूपीआयवर पैसे घेऊन फोनवरून फाइली पाठवलेल्या लोकांची यादी वहीत लिहायला लागलो. सव्वीस नावं झाली तेव्हा लक्षात आलं की दुकान तर मी चालवतोच आहे, फक्त गल्ला नाही आणि पावतीपुस्तक नाही.

मग वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर वूकॉमर्स ही दुकानाची जोडणी बसवून, एका भारतीय पेमेंट गेटवेशी, म्हणजे ग्राहकाचे पैसे आपल्या खात्यात पोचवणाऱ्या कंपनीशी, जोडून स्वतःचं दुकान काढलं. तांत्रिक कामात एक शनिवार-रविवार गेला, गेटवेच्या मंजुरीला त्याहून बराच जास्त वेळ. पॅन, बँकेचा तपशील, शिवाय साइटवर अटी, गोपनीयता आणि रिफंड पॉलिसी अशी तीन पानं हवीत म्हणाले. गाण्याची रिफंड पॉलिसी कशी लिहायची? आम्ही चौघं चहा घेत अर्धा तास त्यावर बसलो होतो. खर्च म्हणाल तर गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. तीनशेच्या अल्बममागे सात रुपये आणि काही पैसे जातात. डोमेन-होस्टिंगचं वर्षाचं बिल वेगळं, पण ते चौघांत विभागलं की जाणवत नाही.

त्रास आहेत, नाही असं नाही. झिपचा प्रश्न पहिल्या आठवड्यातच पुन्हा उभा राहिला. फोनवर झिप उघडणं हे आपल्याला सोपं वाटतं, पण बऱ्याच लोकांना ते कुलूपच वाटतं. मग प्रत्येक गाणं सुटं एमपीथ्री म्हणून ठेवलं, डब्ल्यूएव्ही मागेल त्याला. फोन कमी झाले, थांबले नाहीत. रात्री साडेदहाला "दादा, डाउनलोड झालं पण गेलं कुठं?" असा फोन येऊ शकतो, आणि तो तुम्हालाच घ्यायचाय. बँडकॅम्पवर ही कटकट नाही, तिथं ॲपमध्ये गाणं आपोआप दिसतं. ज्याला गाणं सोडून दुसरं काहीच करायचं नाही, त्यानं हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. आमच्या पेटीवाल्याचं मत अजूनही तेच आहे.

पण कार्यक्रमानंतरचं टेबल बघा. पूर्वी कीर्तन किंवा भावगीतांचा कार्यक्रम संपला की मंडपाबाहेर कॅसेटी मांडलेल्या असायच्या, लोक पायताण शोधता शोधता एखादी घ्यायचे. आमच्या टेबलावर आता पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा असतो, एका बाजूला कव्हर, दुसऱ्या बाजूला क्यूआर कोड. स्कॅन केला की थेट अल्बमचं पान, तिथून यूपीआय, झालं. कोल्हापूरला एका संध्याकाळी त्या पुठ्ठ्यावरून जेवढी विक्री झाली, तेवढी आधीच्या चार महिन्यांत मिळून झाली नव्हती. हे काही शास्त्रशुद्ध मोजमाप नाही. त्या दिवशी पावसानं लोक हॉलमध्येच अडकून पडले होते, हेही खरं.

दुसरं म्हणजे नंबर. बँडकॅम्प खरेदीदाराचा ईमेल देतं, आणि तो उपयोगी आहे. पण आमच्याकडचे किती लोक ईमेल उघडून बघतात? दुकानात आम्ही फोन नंबर घेतो आणि पुढचा कार्यक्रम कळवायचा का, ते विचारतो. साताऱ्याच्या कार्यक्रमाआधी एकतीस जणांना मेसेज केले, एकोणीस जण आले. त्यातले दोघं मास्तरकाकांसारखे, मेसेजला उत्तर न देता थेट पहिल्या रांगेत.

तुमचे श्रोते मुख्यतः परदेशात असतील, किंवा तुम्ही शब्दांशिवायचं, कुठल्याही देशात चालणारं काही वाजवत असाल, तर बँडकॅम्प पुरेल असं मला वाटतं. दुसऱ्या दुकानाच्या भानगडीत पडू नका. मराठीत गात असाल आणि गावोगाव वाजवत असाल, तर मी तरी आधी स्वतःचं दुकान काढेन आणि बँडकॅम्पचं पान मागून, सावकाश, पोलंडवाल्यासाठी. फक्त गेटवेचा अर्ज कार्यक्रमाच्या महिनाभर आधी टाका. आम्ही आठ दिवस आधी टाकला होता आणि पहिल्या कार्यक्रमात पुन्हा वही काढावी लागली.

रिफंड पॉलिसीत शेवटी आम्ही लिहिलं, 'गाणी आवडली नाहीत तर सात दिवसांत पैसे परत.' आजवर एकानंच मागितले. तो माझा चुलतभाऊ.