आजोबांचा तेलदगड की नवा कार्बोरंडम?

पंचवटीतला भाचा सुतारकाम शिकतोय. परवा विचारलं, ‘मामा, हत्यारांना धार लावायला आजोबांच्या पेटीतला अर्कान्सास तेलदगड (तेल टाकून घासायचा) वापरू की दुकानातून कार्बोरंडम आणू?’

वेगात कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा कृत्रिम दगड, पुढे. खाच पडलेली पटाशी त्यावर लवकर सरळ होते. अर्कान्सास म्हणजे नोव्हाक्युलाइट हा नैसर्गिक खडक, जवळजवळ शुद्ध सिलिका. कठीणपणाच्या मोह्स मापावर तो 7, तर सिलिकॉन कार्बाइडचा 9 च्या वर. म्हणून अर्कान्सास सावकाश कापतो, पण धार अशी गुळगुळीत देतो की सागाच्या आडव्या कापावर रंधा चकाकी सोडतो. हायस्पीड स्टीलवर, म्हणजे ड्रिल-कटरच्या चिवट पोलादावर, मात्र त्याचं फारसं चालत नाही.

टिकण्यात जुना दगड जिंकतो. कार्बोरंडम मधोमध लवकर खोलगट होतो. खर्च? पेटीतला फुकट. विकत घ्यायचा तर जुना महाग, आणि आत चीर असली तर पैसे पाण्यात. काळा, तेलकट थर दिसला तर रॉकेलमध्ये भिजवायचा, मग काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून सपाट घासायचा. एक दुपार जाते, पण मला ते काम आवडतं.

द्राक्षछाटणीची कात्री, कोयता, रोजची घाई असेल तर कार्बोरंडम घ्यावा. कार्बन स्टीलच्या पटाश्या, कोरीवकाम आणि सवड असेल तर आजोबांचाच. भाच्याला सांगितलं, खाच कार्बोरंडमवर काढ, शेवटचे हात अर्कान्सासवर मार.