लोक साइटवर किती वेळ थांबतात? एडब्ल्यूस्टॅट्स आणि गूगल ॲनालिटिक्स बरेच महिने शेजारी ठेवून बघितल्यावर

माझी स्वतःची छोटी मराठी वेबसाइट आहे, कोल्हापूर आणि आसपासच्या जागांबद्दल मीच लिहितो, मीच फोटो टाकतो, जाहिराती वगैरे काही नाहीत. होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये, म्हणजे साइट सांभाळायच्या पॅनलमध्ये, एडब्ल्यूस्टॅट्स फुकट मिळतंय आणि जोडीला गूगल ॲनालिटिक्स ४ लावलंय, साइटवर किती लोक आले आणि किती वेळ थांबले हे दोन्ही सॉफ्टवेअर दाखवतात. "बहुतेक लोक ३० सेकंदांच्या आत निघून जातात" हा आकडा बघून ज्यांचं लिहिण्यातनं मनच उडतं त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय, कारण तो आकडा बघून आपण जे समजतो ते त्यात मोजलेलंच नसतं.

आधी एडब्ल्यूस्टॅट्स. त्यात भेट किती वेळाची याचा तक्ता येतो, ० ते ३० सेकंद, ३० सेकंद ते २ मिनिटं, मग २ ते ५, ५ ते १५, १५ ते ३०, अर्धा ते एक तास आणि त्याच्या वर. लहान साइट असली की यातली पहिली ओळच लई जड दिसते. आता हे सॉफ्टवेअर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये काहीच बघत नाही, ते चालतं सर्व्हरच्या लॉग फाइलवर, आणि लॉगमध्ये पान कधी मागितलं एवढीच वेळ असते, वाचून कधी बंद केलं ते कुठंच नसतं. समजा कुणी १० वाजता पन्हाळ्याचं पान उघडलं, १० वाजून ४ मिनिटांनी पावनखिंडीचं उघडलं, ते निवांत २० मिनिटं वाचलं आणि फोन खिशात टाकला, तर नोंद होणार ४ मिनिटांची. ती २० मिनिटं हिशोबातच नाहीत. आणि ज्यानं थेट पावनखिंडीचंच पान उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं त्याची वेळ शून्य, म्हणजे तो ० ते ३० मध्ये गेला, उघडल्या उघडल्या परत फिरलेल्या माणसाच्या शेजारी. गूगलवरनं नाहीतर व्हॉट्सॲपच्या लिंकवरनं येणारे बरेचसे लोक एकच पान बघतात, मग ती ओळ फुगणारच की.

वरचं टोकही तसंच. "एक तासाच्या वर" बघून हुरळून जाऊ नका, कारण इथं भेट म्हणजे एकाच आयपीवरनं, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या एकाच पत्त्यावरनं, तासाभराचा खंड न पडता मागितलेली पानं, त्यामुळं कॉलेजच्या एकाच वायफायवरची पोरं किंवा मोबाइल कंपनीच्या एकाच आयपीमागची चार वेगळी माणसं लागोपाठ आली की त्यांची मिळून एक लांबलचक भेट होऊ शकते. साइट चालू आहे का हे दर पाच मिनिटांनी तपासणारं मॉनिटर लावलेलं असेल तर तेही इथं येऊन बसू शकतं. आपण बॉट, म्हणजे आपोआप पानं मागणारे प्रोग्रॅम, आहोत असं सांगणारे बॉट वेगळे काढले जातात, पण क्रोम असल्याचं भासवणारे माणसांतच मोजले जातात.

गूगल ॲनालिटिक्स ४ चं मोजमाप मला यापेक्षा खूपच पटलं. जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून बंद झालं, त्यातही एकच पान बघितलं की वेळ साधारण शून्यच धरायचे. आताचं ब्राउझरमध्ये चालतं आणि पान खरोखर समोर उघडं असेल तेवढाच वेळ मोजतं, दुसऱ्या टॅबवर गेलात किंवा ॲप बदललं की मोजणी थांबते, त्यामुळं एकच पान वाचणाऱ्याचीही वेळ हातात येते. १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा दोन पानं बघितली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती केली, तर ती गुंतलेली भेट. बाकीच्या भेटींची टक्केवारी म्हणजे आताचा बाउन्स रेट, म्हणून जुन्या बाउन्स रेटशी त्याची तुलना करू नका, हिशोबच वेगळा आहे. कमतरता एकच मोठी, ॲड ब्लॉकर किंवा ब्रेव्हसारखा ब्राउझर वापरणारे लोक यात बहुतेक दिसतच नाहीत. तिकडे बॉट जास्तीचे, इकडे माणसं कमी, त्यामुळं दोन्हीकडचे आकडे जुळवायच्या नादी मी लागत नाही.

खरा उपयोग पान-पान वेगळं बघितल्यावर कळला. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं माझं एक पान आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १०, ११ नोव्हेंबर या तारखा, आणि मावळतीची किरणं पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, हे सगळं पहिल्या चार ओळींतच दिलंय. त्या दिवसांत लोक भरपूर येतात आणि वेळ एकदम कमी लागते. लागू दे की! देवळात जायची गडबड आहे, तारीख बघायची होती, बघितली आणि निघाले. याच्या उलट पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं पान, मसाई पठार, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी असं टप्प्याटप्प्यानं लिहिलेलं, ते पावसाळ्याच्या तोंडावर लोक सावकाश वाचतात आणि परत परत उघडतात. आता या दोन्ही पानांची मिळून सरासरी काढली तर जो आकडा येतो तो दोन्हीपैकी कुठल्याच वाचकाचा नसतो. पूर्ण साइटची सरासरी मी बघायचीच सोडून दिली.

ओळखीतल्या एका एसइओवाल्यानं, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायचं काम करणाऱ्यानं, सल्ला दिला, तारखा खाली ने आणि मोठ्या लेखाचे तीन तुकडे करून "पुढे वाचा" टाक, वेळ वाढेल. वाढेल ना, पण माणसाला त्रास देऊन वाढवलेली वेळ घेऊन मी काय करू? जिल्ह्याबाहेरनं एसटीत बसून कुणीतरी तारीख शोधतंय, त्याला खाली खाली सरकवत न्यायचं हे मला अजिबात मान्य नाही.

सेटिंगमधली एक गोष्ट मात्र आजच करा. गूगल ॲनालिटिक्समध्ये तपशिलाचा डेटा मुळात २ महिनेच राहतो, तो १४ महिन्यांवर करून घ्या. तयार रिपोर्टांना याचा फरक पडत नाही, पण एक्सप्लोर या भागात स्वतःचा रिपोर्ट बनवून काही शोधायला गेलात की अडतं. नोव्हेंबरचा किरणोत्सव जानेवारीअखेरच्याशी ताडून बघायचा तर २ महिने पुरतच नाहीत. स्वतःच्या घरचा आयपीही अंतर्गत ट्रॅफिक म्हणून वगळा, नाहीतर शुद्धलेखन तपासत बसलेला तुमचाच वेळ सरासरीत जातो.

गूगलला डेटा द्यायचा नसेल तर मॅटोमो हे असंच मोजमाप करणारं सॉफ्टवेअर आहे, आपल्याच होस्टिंगवर पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. फक्त त्यातला हार्टबीट टायमर आपणहून चालू करावा लागतो, कोडमध्ये एकच ओळ टाकायची, मग पान समोर उघडं असेपर्यंत ते मुळात १५ सेकंदांच्या हिशोबानं नोंद घेत राहतं. ती ओळ टाकली नाही तर शेवटच्या पानाचं पुन्हा एडब्ल्यूस्टॅट्ससारखंच होतं. माझ्याएवढ्या छोट्या साइटला एडब्ल्यूस्टॅट्स ठेवावं ते तुटलेल्या लिंका आणि बॉटांची गर्दी बघायला, वाचनाचा वेळ बघायचा तर गूगल ॲनालिटिक्स नाहीतर मॅटोमो यांपैकी एक घ्यावं.