नव्या रीफ टँकमधलं शेवाळ: गोगलगायी आणाव्यात की कीटो?

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, तपकिरी थर आलाय म्हणून काही विकत घ्यायला धावू नका. तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा थर, येतो आणि जातो. आपल्या मराठवाड्यात मुक्काम जरा लांबतो इतकंच. इथलं बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्टमधून आलेलं, त्यात सिलिका असतेच आणि नुसत्या आरओतून थोडी निसटते. पुढे डीआय रेझिन (आरओतून निसटलेलं शोषून घेणारे दाणे) लावलं की थर हळूहळू ओसरतो.

खरा प्रश्न त्यानंतरचा. दगडांवर हिरवे केस, म्हणजे केसांसारखं शेवाळ, दिसू लागले की ते खायला गोगलगायी सोडायच्या, की सम्पमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत) कीटोमॉर्फा, म्हणजे कीटो हे गुच्छाने वाढणारं शेवाळ, वाढवून त्यांचं खाणंच, म्हणजे पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट, तोडायचं? परभणीत मी दोन्ही करून पाहिलं आहे.

झटपट निकाल हवा असेल तर गोगलगायींना तोड नाही. चांगली भुकेली टर्बो जातीची गोगलगाय रात्रीतून दगडाचा मोठा तुकडा साफ करते, काचेवर ट्रोकस जातीची उत्तम. फक्त खाल्लेलं बरंचसं विष्ठेतून त्याच पाण्यात परत येतं. केस कमी दिसतात, पण नायट्रेट-फॉस्फेटचा हिशोब फारसा हलत नाही.

तेही मी चालवून घेतलं असतं. मला वैताग आला तो पालथ्या गोगलगायींचा. ॲस्ट्रिया जातीची वाळूत उलटी पडली की तिला सहसा सरळ होता येत नाही. म्हणजे रोज सकाळी चहाच्या आधी टॉर्च घेऊन हजेरी घ्यायची. एखादी कमी भरली की ती दगडामागे मेली की नुसती झोपली, हे कळायला मार्ग नाही. लहान टँकमध्ये एक मेलेली गोगलगाय अमोनिया वाढवायला पुरते, आणि शेवाळाला पुन्हा मेजवानी. ट्रोकस स्वतः सरळ होते, म्हणून मागताना तीच मागा. तरी पिशवीत सरमिसळ निघतेच. शिवाय मेलेलीच्या जागी दुसरी आणायला आपल्याकडे कोपऱ्यावर दुकान नाही. कुणीतरी मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने येणार, थर्माकोलचं खोकं सीटखाली ठेवणार, मग घरी थेंबथेंब पाणी मिसळत बसायचं, कारण क्षारतेतला धक्का यांना सोसत नाही. आणि मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, पाणी तापलं की पुन्हा हजेरी.

कीटो ओलसर राहील अशा पिशवीत आला तरी सहसा तग धरतो. त्याचा दिवा रात्री लावायचा, मुख्य टँकचा बंद असताना. त्यामुळे रात्री पीएच घसरतो तोही थोडा सावरतो. गुच्छ वाढला की अर्धा तोडून फेकायचा. त्याने शोषलेलं फॉस्फेट त्याच्यासोबत घराबाहेर जातं, आणि माझ्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट.

खोडी त्यातही आहेत. सुरुवातीला तो हलत नाही आणि केस मात्र वाढत राहतात; तेवढे दिवस हातानेच उपटावे लागतात. तंतू रिटर्न पंपात अडकतात, म्हणून मध्ये जाळी हवी. नायट्रेट-फॉस्फेट अगदीच संपलं तर तो फिका पडून विरघळायला लागतो. पण यातलं काहीच रोज सकाळी टॉर्च घ्यायला लावत नाही.

जीएफओचा रिॲक्टर, म्हणजे फॉस्फेट शोषणाऱ्या लोहयुक्त दाण्यांची नळी, काही जण सुचवतील. नव्या टँकला मी तरी नको म्हणेन. फॉस्फेट एकदम शून्याला टेकलं की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) यायची भीती, आणि त्यांच्यापुढे हिरवे केस परवडले.

सम्प नसलेला छोटा टँक असेल तर मोजक्या ट्रोकस घ्या, त्याही खायला थोडं शेवाळ दिसू लागल्यावरच. सम्प असेल तर मी कीटोकडे झुकेन; काचेपुरत्या दोन-चार ट्रोकस नंतर आणता येतात. तुमच्या टँकचं वेगळं असू शकतं.

कीटो विकत घ्यायची गरज नसते, कुणाच्याही चालू टँकमधली मूठभर पुरते. सम्पमध्ये टाकण्याआधी खाऱ्या पाण्याच्या बादलीत नीट झटका, ऐप्टेशिया हा झपाट्याने पसरणारा उपद्रवी जीव चिकटून येतो. आणि कीटोऐवजी कुणी कौलर्पा हे दुसरं शेवाळ देऊ लागलं तर घेऊ नका. तो कधीकधी रातोरात पांढरा पडतो आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडतो.