गोल्फमध्ये करिअर करायचंय? सांगलीतल्या या काउन्सेलिंगचा रिव्ह्यू

विश्रामबागेतल्या या स्पोर्ट्स करिअर काउन्सेलिंगवाल्यांकडे भाच्याला घेऊन गेलेलो, पोरगं गोल्फमध्ये प्रो व्हायचं म्हणतंय आणि आपल्या सांगलीत कुस्ती-क्रिकेट सोडून कोण काय विचारतंय, म्हणून फार आशा नव्हती. पण सरांनी हवेत बाण न मारता सगळं कागदावर मांडलं राव. एकदा प्रो झालास की अ‍ॅमॅच्युअर स्पर्धा बंद, मग पीजीटीआयचं (भारतातली प्रो गोल्फ स्पर्धांची टूर चालवणारी संस्था) क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे टूरवर जागा मिळवायची पात्रता स्पर्धा, आणि तिथनं टूरवर आलास तरी पहिल्या दोन राउंडनंतर कट (पुढच्या राउंडला जायची स्कोअरची मर्यादा) हुकला तर बक्षिसाचा एक रुपया नाही, एन्ट्री फी, प्रवास, हॉटेल, कॅडीचे (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचे) पैसे मात्र खिशातनंच. त्यामुळं आधी वर्षभराचा खर्च बाजूला काढा, मग प्रो व्हा म्हणाले, हे एकदम पटलं. पुण्याच्या गोल्फर उदयन मानेचं उदाहरण दिलं, तो पीजीटीआयच्या स्पर्धा जिंकत जिंकत 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला पोचला.

स्पॉन्सरचा विषय मात्र कच्चा, इन्स्टावर फॉलोअर्स वाढवा एवढंच, हे तर भाच्याला आधीच येतंय! फी जरा जास्त वाटली. चार स्टार. शनिवारी जाऊ नका, लय थांबायला लागतं.