‘वॉटरप्रूफ’ पॅनेलच्या मागे काय लपवलं होतं

देवरुखकडची घरं बहुतेक जांभ्याच्या चिऱ्याची. चिरा मुळातच सच्छिद्र, त्यात रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्या मागच्या खोलीची परसाकडची भिंत आषाढात ओल धरते, दिवाळीपर्यंत वाळते आणि मागे लोणा नि पोपडे ठेवते. इकडे यात नवल कुणालाच नाही. या ओलीवर पोट भरणारे ठेकेदार मात्र आता गावोगाव फिरतात, म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे आलेल्या ठेकेदाराने पीव्हीसी पॅनेल सुचवलं. “काका, भिंतीला आता हातच लावायला नको,” असं म्हणत त्याने पॅनेलचा तुकडा बादलीत बुडवला, बाहेर काढून रुमालाने पुसला आणि माझ्या हातात दिला. कोरडा ठणठणीत. पीव्हीसीच तो, त्याला पाण्याने काय होणार? खरा प्रश्न पॅनेल ज्यावर ठोकतात त्या प्लायच्या पट्ट्यांचा. मी त्याबद्दल विचारलं होतं. कोटेशनच्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने ‘710 मरीन’ (पाण्यात टिकणाऱ्या प्लायची जात) लिहिलं आणि आयएसआयचा छाप असलेली एक अख्खी शीट टेंपोतून उतरवून दाखवलीसुद्धा.

पट्ट्या मात्र त्याच्या वखारीतून कापून आल्या, त्याही चारही बाजूंनी पांढरा प्रायमर फासून. “वाळवीचं औषधही मारलंय, तुमचा वेळ वाचला.” सगळी चलाखी त्या प्रायमरमध्ये होती. प्लायची जात कळते ती छापावरून आणि कापलेल्या कडेच्या थरांवरून, आणि दोन्ही रंगाखाली गेलं होतं. दाखवलेली शीट संध्याकाळी त्याच टेंपोतून परत गेली असणार.

पुढच्या पावसाळ्यात खोलीत कुबट वास सुटला. पॅनेल वरून चकचकीत, पण खाली फुगलेलं. गावातल्या सुताराने स्कर्टिंग उचकटलं तर पट्टीचे थर खारी बिस्किटासारखे सुटून हातात आले. मागे भिंतभर काळी बुरशी, स्क्रू गंजलेले, कोपऱ्यात वाळवीची माती. सुताराने वरचा, त्यातल्या त्यात धड राहिलेला तुकडा कापला आणि परसातल्या चुलीवर पातेल्यात उकळत ठेवला. मरीन प्लाय, म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचा, उकळत्या पाण्यात 72 तास टिकावा लागतो. आमच्या तुकड्याचे थर जेवणं आटोपेपर्यंत वेगळे झाले. साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय! त्याची मानकातली कसोटीच मुळी 60 अंशांच्या पाण्यात असते, उकळत्या नाही. तो कपाटाला चालतो, ओल्या भिंतीला नाही.

ठेकेदार फोनवर म्हणाला, “काका, गॅरंटी पॅनेलची आहे. पॅनेलला काय झालंय?” आणि बिलावर फक्त ‘वॉल पॅनेलिंग, मालासह’. ‘710’ लिहिलेला कागद त्याने ‘ऑफिसला लागतो’ म्हणून नेला होता, पण माझ्या मुलीने तेव्हाच त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्या फोटोच्या आणि पट्टीच्या जोरावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

खरं तर अस्सल मरीन प्लाय असता तरी बुरशी चुकली नसती. जमिनीतून वर चढणारी ओल पॅनेलमागे कोंडली की भिंतीला वाळायला वावच राहत नाही. टाइल्स लावल्या तर तीच ओल टाइल्सच्या वर जाऊन फुटते. हिरवा जिप्सम बोर्ड दमट हवा सोसतो, ओली भिंत नाही. फायबर सिमेंट बोर्ड सडत नाही, पण तोही ओल थांबवत नाही, झाकतो. आम्ही आता बाहेरच्या जमिनीला उतार काढला, पन्हळ बसवली, आतला सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. ओल अजून येते, पण वाळते.

तरीही पॅनेल लावणारच असाल तर आधी भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे दिसले तर ओल भिंतीतली आहे, खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतली. भिंतीतली असेल तर पॅनेलचा विषयच सोडा. हवेतली असेल तर शीट घरी आणवून डोळ्यांसमोर कापून घ्या, छापाखालचा लायसन्स नंबर भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा आणि प्लायची जात बिलावरच लिहून घ्या. रंगवून आणलेल्या पट्ट्या टेंपोतून उतरवूच देऊ नका.